उजव्या खुब्याचा चार्ज

खुब्याचा सांधा बदलायचा झाला, की जुन्या सांध्याने नव्या सांध्याला रीतसर चार्ज द्यावा लागतो, आणि चार्जच्या यादीत जी वाट नसेल तिच्यावर नवा सांधा पाऊल उचलत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात ही यादी ऑपरेशनच्या आठ दिवस आधी घेतात. सिस्टर पेशंटला कुशीवर निजवतात, खुब्यावर स्टेथोस्कोप ठेवतात आणि जुना सांधा जे सांगेल ते छापील फॉर्मवर उतरवून घेतात. फॉर्मला चोवीस ओळी असतात. प्रत्येक ओळीत वाटेचं नाव, मग 'जाणे', मग 'येणे'. चोवीस ओळी कमी पडल्या अशी तक्रार त्या तालुक्यात आजवर कुणी केलेली नाही. माणसं म्हातारपणी फार कुठे जात नसतात.

सदानंद मायनाकने या याद्या एकतीस वर्षं लिहिल्या होत्या. तो तिथल्या ऑपरेशन थिएटरचा मदतनीस. खरं काम हत्यारांचं. करवतीची पाती मोजून ठेवायची, वाटीचं हाड खरवडायचे रीमर चव्वेचाळीसपासून साठपर्यंत चढत्या क्रमाने मांडायचे, मांडीच्या हाडात पोकळी करायचे रास्प त्यांच्या शेजारी, आणि हातोडा सर्जनच्या उजव्या हाताला. पण त्याचं अक्षर वळणदार होतं आणि सरकारी नोकरीत वळणदार अक्षराच्या माणसाला जास्तीचं काम चिकटतंच, तसं यादीचं काम त्याला चिकटलं. त्याने ते मन लावून केलं. नवीन सिस्टर आली, की तो तिला दोन गोष्टी शिकवायचा. खुब्याने न सांगितलेली ओळ घालायची नाही. खुब्याने सांगितलेली ओळ गाळायची नाही.

आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्याचा स्वतःचाच उजवा खुबा झिजला होता. डॉ. आगाश्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये जी फट दिसायला हवी, ती कुठे दिसत नव्हती.

"हाडावर हाड घासतंय, मायनाक. तुम्हाला काय सांगायचं. पुढच्या गुरुवारी घेऊ."

"घ्या," सदानंद म्हणाला.

यादी घ्यायला तांबे सिस्टर बसल्या. सदानंदनेच त्यांना या कामात तयार केलं होतं. त्यांनी त्याला डाव्या कुशीवर निजवलं, उजव्या खुब्यावर स्टेथोस्कोप टेकवला आणि पेनचं टोपण काढलं.

"बोला, उजवा खुबा," त्या म्हणाल्या. मग ऐकत ऐकत, नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणत, लिहू लागल्या. "घर ते दूध केंद्र, जाणे, येणे. घर ते वाचनालय, जाणे, येणे. घर ते स्मशान… हळू बोला जरा. स्मशान, जाणे, येणे. सहा वेळा. वेळा लिहायची गरज नाही. घर ते बंदराची जेटी, जाणे, येणे."

अकरा ओळींवर खुबा थांबला.

"मालूतायचं घर विचारा," सदानंद उशीत तोंड ठेवूनच म्हणाला.

सिस्टरनी विचारलं. थोडा वेळ ऐकलं. "म्हणतो, ती वाट माझ्या ताब्यात नाही."

"असं कसं? दर भाऊबीजेला जायचो मी."

सिस्टरनी पुन्हा ऐकलं. "म्हणतो, शेवटचं जाणं होऊन अकरा वर्षं झाली. दहा वर्षं न वापरलेली वाट निकालात काढतात. म्हणतो, हे मायनाकांना माहीत असायला हवं."

मायनाकांना ते माहीत होतं. त्याने कैक म्हाताऱ्यांना हेच तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यांचे चेहरे पडले तरी त्याचं अक्षर कधी हललं नव्हतं.

"तांबे, बारावी ओळ मोकळीच आहे," तो म्हणाला. "लिहून टाका. कोण बघतंय."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं. "काका, तुम्हीच शिकवलंत मला," त्या म्हणाल्या. "न सांगितलेली घालायची नाही, सांगितलेली गाळायची नाही. तुम्ही एकतीस वर्षांत कधी गाळलीत का एखादी?"

 सदानंदने एक गाळली होती.

अकरा वर्षांपूर्वी मालूतायचा डावा खुबा याच थिएटरात बदलला. मालूताय म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलेलं, शाळेत पोचवलेलं. यादीच्या दिवशी ती म्हणाली, तूच लिही रे सदा, तुझं अक्षर छान. त्याने स्टेथोस्कोप लावला. खुब्याने सगळ्यात पहिली वाट सांगितली ती 'सदाचं घर, जाणे, येणे.' तिच्या घरची विहीर, देऊळ, माडांची बाग सगळं नंतर.

आता नियम असा होता, की यादी लिहिणाऱ्याचं स्वतःचं घर यादीत आलं तर अधीक्षकांच्या मंजुरीशिवाय ती ओळ लिहायची नाही. सदानंदने पहिली ओळ मोकळी ठेवली आणि मंजुरीसाठी टिपण पाठवलं. अधीक्षक चार दिवसांच्या प्रशिक्षणाला नाशिकला गेले होते. मालूतायची यादी उशिरा घेतली होती, ऑपरेशन तिसऱ्याच दिवशी होतं. भरल्या ओळींच्या वर मोकळी ओळ ठेवता येत नाही, म्हणून त्याने पट्टी घेऊन तिच्यावर सरळ रेघ मारली. टाके पडले, यादी बंद झाली. पाचव्या दिवशी अधीक्षक आले आणि त्यांनी टिपणावर 'हरकत नाही' असं लिहून सही केली. ते टिपण सदानंदने फाइलला लावलं. त्या दिवशी त्याला आपल्या चोख कामाचा थोडा अभिमानही वाटला होता, आणि पुढची अकरा वर्षं त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिला तो हाच अभिमान.

कारण वर्षभरातच त्याची बायको कुसुम गेली. मालूताय रिक्षा करून आली. रिक्षा त्याच्या फाटकाशी थांबली. तिने उजवा पाय खाली ठेवला, आणि डावा काही उचलेना. ती पुन्हा आत बसली. अंगणात माणसं जमलेली, आत कुसुम ठेवलेली, आणि मालूताय तासभर रिक्षात बसून राहिली. उचलून आणा म्हणाली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. तिरडी निघाली तशी तिने रिक्षातूनच हात जोडले आणि परत गेली. लोक म्हणाले, बघा, सख्खी बहीण असून खाली उतरली नाही, काय हा ताठा. सदानंदने ते ऐकलं. काय झालं होतं ते त्या सगळ्या माणसांत त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि तो मूग गिळून बसला. त्यानंतर कुठल्या तोंडाने भाऊबीजेला जायचं, म्हणून तो गेला नाही. त्याचंही एक वर्ष झालं, दोन झाली, आणि न जाण्याचीच सवय होऊन गेली.

आता तिला त्र्याहत्तर वर्षं झाली होती. आपण सांगितलं नाही, तर हे कुणीच तिला सांगणार नाही, एवढं त्याला कळत होतं. आणि गुरुवारनंतर तो तिच्यापर्यंत पोचणारच नव्हता.

तो सोमवारी निघाला. मालूतायचं घर आंबेखोलच्या खालच्या वाडीत, पार खाडीला लागून. एसटी वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर सोडते. तिथून जांभ्या दगडाची पाखाडी, दोनशे बारा पायऱ्या. वाडीत अजून वाहन जात नाही. सदानंदने काठी घेतली, दुखण्याच्या दोन गोळ्या गिळल्या आणि उतरायला लागला. पहिल्या साठ पायऱ्या बऱ्या गेल्या. पुढे प्रत्येक पायरीला खुब्यातून कळ निघून गुडघ्यापर्यंत जायची. शंभराव्या पायरीवर त्याने तोंडात रुमाल कोंबला. दीडशेच्या पुढे तो डावा पाय टाकायचा, काठी टाकायची आणि उजवा पाय मागून ओढून घ्यायचा. ओढलेला पाय चालण्यात धरतात का, हा प्रश्न त्याला तेवढ्यातही पडला. मग तो दातओठ खात उचलूनच टाकू लागला.

मालूताय पडवीत आमसुलं वाळत घालत होती. तिने वर बघितलं.

"आलास," ती म्हणाली. अकरा वर्षांनी भाऊ आला म्हणून ती ना रडली ना रागावली. "केवढा घामेजलास. ये, आत ये."

"येतो," सदानंद म्हणाला आणि पडवीच्या कठड्यावर बसला. बसला तो बसलाच. खुबा जो धरला, तो सरळ होईना की वाकेना. मालूतायने पाणी आणलं, सरबत आणलं, पाठीवरून हात फिरवला. त्याला सांगायचं होतं. पण कळ अशी होती, की तोंड उघडलं की ओरडच बाहेर येत होती, आणि ओरडत ओरडत असली गोष्ट सांगता येत नाही. शेवटी तिनेच शेजारपाजारच्या चौघांना हाका मारल्या. त्यांनी खुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि त्याला पाखाडी चढवून सड्यावर नेलं. चौघांतला सगळ्यात तरणा बासष्ट वर्षांचा होता. दर वीस पायऱ्यांना ते डोली टेकवून धापा टाकायचे, आणि सदानंद वर बसून त्यांची क्षमा मागायचा.

बुधवारी भरती झाल्यावर तांबे सिस्टरनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. भरतीच्या दिवशी यादी पडताळून घेतात.

"आली," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच आनंद झाला. "बारावी ओळ. मालूतायचं घर, पडवीपर्यंत. जाणे."

"आणि येणे?"

सिस्टरनी ऐकलं. त्यांचं पेन थांबलं. "म्हणतो, मी आलो नाही. मला आणलं."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सदानंदला टेबलावर घेतलं. कंबरेतलं इंजेक्शन दिलं, की खालचं अंग बधिर होतं आणि माणूस जागा राहतो. त्याला डाव्या कुशीवर निजवून पुढे मागे टेकू लावले आणि मध्ये हिरवं कापड ओढलं. कापडापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं, पण बघायची गरजच नव्हती. करवतीचा आवाज चढला आणि उतरला, तेव्हा मांडीच्या हाडाची मान कापली गेली हे त्याला कळलं. मग गोळ्यात स्क्रू फिरवून तो बाहेर ओढला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला, त्याचा टण् असा आवाज झाला. सहासष्ट वर्षं आपल्याला वाहून नेलेली वस्तू एवढासाच आवाज करते, याचं त्याला वाईट वाटलं.

रीमर फिरू लागला. अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न. मग रास्प. हातोड्याचा ठोका आधी पोकळ येतो आणि रास्प हाडात नीट बसला की आवाज घट्ट होतो. सदानंद आवाज मोजत होता.

"अकरा नंबर द्या," आगाशे म्हणाले.

"बारा लागेल, साहेब," कापडाअलीकडून सदानंद म्हणाला.

दोन ठोक्यांनंतर आगाश्यांनी बारा नंबर मागितला.

मग ट्रायल. खरा सांधा बसवण्याआधी ट्रायलचा बसवून बघतात, पाय वाकवून, वळवून, ओढून. ट्रायलच्या वेळी यादी वाचली जाते आणि प्रत्येक वाटेला पाय तसा फिरवतात. सांधा निसटला, तर ती वाट रद्द. सिस्टर त्याच्या डोक्याशी उभ्या राहून वाचू लागल्या. दूध केंद्र बसलं. वाचनालय बसलं. वाचनालयाचा जिनाही बसला. स्मशान बसलं. अकरा वाटा सुरळीत गेल्या.

"बारा. मालूतायचं घर, पडवीपर्यंत. जाणे. दोनशे बारा पायऱ्या उतरण."

आगाश्यांनी पाय उतरणीचा फिरवला. "उत्तम बसतोय. येणे?"

"येणे नाही."

"नाही म्हणजे?"

"डोलीतून आले, साहेब. चालले नाहीत."

हातोडा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला. "मग खोडा ती," आगाशे म्हणाले. "एकमार्गी वाट ठेवली की माणूस अडकतो. तो मिठागरवाला आठवतो ना, मायनाक? समुद्रावर जाणे होतं, येणे नव्हतं. रोज संध्याकाळी हौसेने जायचा आणि मुलगे उचलून आणायचे. मुलगे किती दिवस आणणार?"

"सात महिने," सदानंद म्हणाला. ती यादी त्यानेच लिहिली होती.

"मग?"

"ठेवा ती ओळ."

"परत कसे येणार तुम्ही?"

"बघू."

"बघू असं फॉर्मवर लिहिता येत नाही."

"पेशंटची हरकत नाही, असं लिहितात," सदानंद म्हणाला. "शेरा रकाना चार. खाली साक्षीदार म्हणून सिस्टरची सही."

"लिहा," आगाशे म्हणाले. मग तांबे सिस्टरनी लिहिलं आणि सही केली. ट्रेमधला गोळा चिमट्याने उचलून यादीच्या तळाशी, सहीच्या जागी टेकवला. त्याचा ओला गोल ठसा उमटला. जुना खुबा कामातून मोकळा झाला. नवा बसला, पाय ओढून लांबी पाहिली, टाके पडले आणि यादी बंद झाली.

तीन महिन्यांनी सदानंद काठीशिवाय चालू लागला. दूध केंद्रावर जायचा, जेटीवर जायचा, यायचा. पाय कसा छान उचलला जातो, दुखणं म्हणून नाही, असं सगळ्यांना सांगायचा. मग त्याने घरमालकाला किल्ली दिली, भांडीकुंडी शेजारणीला दिली, बडोद्याच्या मुलीला फोन करून आत्याकडे राहायला जातोय म्हणाला, आणि एका पिशवीत चार कपडे घालून एसटीत बसला. मुलगी म्हणाली, किती दिवस? तो म्हणाला, काही दिवस. एवढं खोटं तो आयुष्यात फार वेळा बोलला नव्हता.

पाखाडी त्याने अशी उतरली, की वाटेत भेटलेल्या बाईने वळून बघितलं. एकदाही थांबला नाही. मालूताय पडवीत खांबाला टेकून उभी होती.

"बरा झालास की रे," ती म्हणाली. "टकाटक उतरलास. ये आत."

"इथपर्यंतच आहे," सदानंद म्हणाला. "पडवीपर्यंत."

ती समजली. ज्याचा खुबा बदललेला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. "आणि परत?"

"परत नाही."

"डोलीवाले तिघंच राहिलेत," ती म्हणाली. "चौथा गेला मुंबईला, लेकाकडे. तिघांनी डोली उचलत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तरी आलास."

"तुला एक सांगायचं होतं, ताय."

"मलाही सांगायचं होतं," मालूताय म्हणाली. "किती वर्षं घोकतेय. माझा हा खुबा मेला विसराळू निघाला. सगळं सांगितलं त्याने यादीत. विहीर सांगितली, देऊळ सांगितलं, पार कोंबड्यांचं खुराडं सांगितलं. तुझं घर तेवढं विसरला. लहानाचा मोठा केला मी तुला, आणि माझ्याच हाडांना तुझ्या घराची आठवण राहू नये? कुसुम गेली तेव्हा रिक्षात बसून या मांडीवर बुक्क्या मारल्या मी. तुला काय तोंड दाखवणार होते? तू येईनासा झालास तेव्हा म्हटलं, बरोबर आहे त्याचं. रागावणारच तो."

सदानंदला वाटलं होतं, की ती आपल्यावर रागावली असेल. ती अकरा वर्षं स्वतःवरच रागावली होती.  त्याने शेजारचा खांब धरला.

"तो विसरला नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा खुबा विसरला नव्हता, ताय. त्याने माझंच घर पहिलं सांगितलं. विहिरीच्या आधी. पहिल्या ओळीला."

"मग?"

"मी लिहिलं नाही."

 खाडीवरून वारा येत होता आणि पडवीतली आमसुलांची सुपं हलत होती.

"का रे?"

"नियम होता. अधीक्षकांची मंजुरी लागत होती. ते नाशिकला गेले होते."

"लिहिलं असतंस तर कुणी काय केलं असतं?"

"काही नाही. कुणी बघितलंही नसतं."

"मी रिक्षात होते तेव्हा तुला ठाऊक होतं हे?"

"हो."

"लोक मला बोलत होते तेव्हा?"

"हो," सदानंद म्हणाला. तो आता रडत होता. सांगून टाकलं की हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही.

 मालूतायने खांबावरचा हात काढला, वळली आणि आत गेली. सदानंद तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेला. तिथे नवा खुबा थांबला. तो मागे वळून पाखाडीच्या पहिल्या पायरीशी गेला, तिथेही थांबला. मग तो पडवीत परत आला. पडवी नऊ पावलांची होती.

तिने दार लावलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, विळीचा येत होता. दुपारी उंबऱ्यावर ताट ठेवलेलं त्याला दिसलं. संध्याकाळी चहा ठेवलेला होता. तो घ्यायला गेला, तेव्हा आत कुणी नव्हतं. त्याने हाक मारली, ताय म्हणून. उत्तर आलं नाही. खुबा बदललेल्या माणसाला खाली बसता येत नाही, कठडा नि पडवीतलं बाक तर गुडघ्याएवढंच, म्हणून तो खांबाला टेकून उभ्याने जेवला आणि रात्री कसाबसा बाकावर आडवा झाला. दुसरा दिवस तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतून काहीतरी फरफटत आणल्याचा आवाज झाला. मालूताय दारात आली. तिने एक उंच लाकडी खुर्ची उंबऱ्यापलीकडून पडवीत ढकलली. खुर्चीच्या पायांना खाली ठोकळे ठोकलेले होते आणि वर दोन उश्या बांधलेल्या होत्या. ऑपरेशन झाल्यावर तिने ती सुताराकडून स्वतःसाठी करून घेतली होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. खुर्ची हलतेय का ते हाताने दाबून पाहिलं आणि परत आत गेली.

सदानंद बसला. उंची अगदी बरोबर होती.

त्या घरात तशी खुर्ची एकच आहे. मालूताय त्या दिवसापासून आत चुलीजवळ उभ्याने जेवते.